पहिल्या हाकेला ओ

१

औषधांच्या त्या गोदामात त्याला सगळे सर्व्हरभाऊ म्हणत. खरं नाव असेल कुठेतरी पगाराच्या कागदावर. प्रिंटर अडला, बोलवा सर्व्हरभाऊला. पंखा बंद पडला, बोलवा सर्व्हरभाऊला. पॅकिंगच्या मावशींच्या चष्म्याची दांडी निखळली तरी हाक त्यालाच. भाऊ जायचाही, पण लगेच नाही. हातातलं संपवून, दोनदा 'आलो, आलो' म्हणून, मग सावकाश. माणूस वाईट नव्हता हो. कामाला वाघ होता. फक्त हाकेला ओ द्यायला त्याला वेळ लागायचा.

घरी म्हातारी आई होती. भाऊचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं, तेव्हा घरात माणसं दोनच. आईची नजर हळूहळू गेली आणि आता तर उजेड-अंधार एवढंच तिला कळायचं. दिवसभर ती एकटी. शेजारच्या वहिनी सकाळी डोकावायच्या, दुपारच्या जेवणाचं बघायच्या. बाकी वेळ भिंती होत्या आणि ती होती. भाऊला हे आतून खायचं. मग त्याने एक युक्ती केली.

आईच्या पलंगावरच्या फळीवर त्याने एक छोटा डबा बसवला, ऐकणारा आणि बोलणारा. आईने नुसतं 'बाळ' म्हटलं की ते गोदामात भाऊच्या कानातल्या हेडफोनमध्ये ऐकू यायचं. तो बोलला की आईच्या उशाशी त्याचा आवाज. या डब्याची लाइन मात्र त्याने चक्क गोदामाच्या सर्व्हरवरून, म्हणजे मागण्या आणि लेबलं चालवणाऱ्या मोठ्या मशीनवरून, नेली होती. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतात, म्हणजे तारा खोचायच्या दोन जागा. एक गोदामाच्या कामाला होती, दुसरी बिनकामाची. त्या दुसरीवर भाऊने आपलं घर जोडलं. मॅनेजरला पत्ताही नव्हता. असता तर त्याने भाऊची सालटी काढली असती.

आईची हाक यायची, 'बाळ'. भाऊ स्क्रीनमध्ये बुडालेला. परत, 'बाळ, आहेस का रे?' भाऊचा हात वर जायचा, पण तोंड उघडायचं नाही. तिसऱ्यांदा 'बाळ' आलं की हा वैतागून, "काय गं आई!" तिला हवं काहीच नसायचं. तो आहे एवढंच बघायचं असायचं.

ती चिडायची नाही. हसायची आणि म्हणायची, "तुला तीन हाका लागतात. पहिली कानाला, दुसरी डोक्याला आणि तिसरी मनाला."

२

मग सर्व्हर बदलायचं ठरलं. जुनं मशीन म्हातारं झालं होतं, मध्येच धापा टाकायचं. नवीन आलं, काळंभोर, चकचकीत. जुनं फळीवरून उतरवताना भाऊच्या हातून निसटलं आणि त्याचा कोपरा थेट उजव्या पायाच्या अंगठ्यावर आला. नख काळंनिळं पडलं, मधोमध तडकलं. त्या दिवसापासून बूट घालायची सोय राहिली नाही, सँडलवरच काम चालू. मावशी म्हणाल्या, इतकी वर्षं राबवून घेतलंत, जाताना लाथ मारणारच ना ते. सगळे हसले, भाऊही हसला.

नवीन मशीन लावताना भाऊने तेच केलं जे या धंद्यातला प्रत्येक जण करतो आणि कुणी कबूल करत नाही. एकेक सेटिंग नव्याने घालायचा कंटाळा. त्याने जुन्या मशीनवरचं सगळं उचललं आणि नव्यावर जसंच्या तसं उतरवलं. तोच नंबर, तीच नावं, दोन्ही कार्डांच्या त्याच जोडण्या, घरची लाइनसुद्धा. जुन्याची वायर गुंडाळून ते अडगळीच्या खोलीत ठेवून दिलं. नवीन सुरू केलं आणि ते पहिल्या झटक्यात चाललं. भाऊने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आता नंबराचं थोडं सांगायला हवं. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला एक नंबर असतो, वर्गात हजेरीचा असतो तसा. कुणीतरी नंबर पुकारतं, ज्याचा असेल तो 'हजर' म्हणतो, आणि मग जे द्यायचं ते त्याच्या हाती दिलं जातं. चेहरा कुणी बघत नाही. एकाच नंबराची दोघं झाली तर जो आधी ओ देईल तो खरा. दुसऱ्याने गप्प बसायचं. तशी रीतच आहे, आणि भाऊने नव्या मशीनला ती घालूनही दिली होती: आपला नंबर दुसऱ्याकडे दिसला तर भांडायचं नाही, बाजूला व्हायचं.

३

आठवडाही झाला नसेल. एका दुपारी नवीन सर्व्हर नेटवर्कमधून गळाला. चालू होता, पंखे घुमत होते, पण कुणाशी बोलत नव्हता. भाऊ जिन्याखालच्या सर्व्हरच्या गार खोलीत गेला. स्क्रीनवर एक ओळ होती: हा नंबर दुसऱ्या मशीनकडे आहे.

भाऊने जीभ चावली. त्याला वाटलं, कुणीतरी जुनं मशीन चालू केलं. अडगळीच्या खोलीत जाऊन बघतो तर जुनं जिथल्या तिथे, वायर गुंडाळलेली, वर धुळीचा थर. हात लावला तर थंडगार. तरी खबरदारी म्हणून त्याने पेचकस घेतला, जुन्याचं नेटवर्क कार्डच उपटलं आणि खिशात घातलं. आता बोल म्हणाला, कशाने बोलतोस ते बघू.

परत येऊन सर्व्हरचं कार्ड बंद केलं, चालू केलं. नंबर परत घातला. थोडा वेळ बरं चाललं आणि पुन्हा तेच. मग त्याने दुसऱ्या टोकाने शोध घेतला. हाकेचा नंबर आपण देतो, तो हवा तसा बदलता येतो. पण प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक नंबर कोरलेला असतो, जन्मखुणेसारखा. जगात दोन कार्डांचा तो सारखा नसतो. त्यावरून चोर पकडता येतो. भाऊने नेटवर्कलाच विचारलं, बाबा रे, आत्ता ओ देतोय त्याची जन्मखूण काय?

उत्तर आलं. भाऊने ते कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवलं आणि गोदामातल्या एकेका मशीनशी ताडायला निघाला. पॅकिंगची टेबलं झाली, मॅनेजरची केबिन झाली, पहारेकऱ्याची खोली झाली. कुठेच जुळेना. शेवटी दमून सर्व्हरपाशी आला आणि सहज म्हणून त्याच्याच मागच्या चिकटपट्टीवर नजर टाकली.

अक्षरन् अक्षर तेच होतं. त्याने बोट ठेवून दोनदा वाचलं. सर्व्हरचा नंबर जिने घेतला होता, त्या गोष्टीची जन्मखूणही सर्व्हरचीच होती. आणि सर्व्हर तर त्याच्यासमोर गप्प बसला होता, बाजूला होऊन, त्याला शिकवलं होतं तसा.

असं होत नाही, भाऊ मोठ्याने म्हणाला. खोलीत पंख्यांशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

४

संध्याकाळी घरी गेला तेव्हा आई पलंगावर बसून गुणगुणत होती. कित्येक महिन्यांत भाऊने तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्याने पिशवी ठेवली, दिवा लावला. तो तिच्यासाठी नसायचाच, पण सवय.

आई म्हणाली, आज दुपारी किती छान बोललास. भाऊला काही कळेना. दुपारभर त्याने हेडफोन डोक्याला लावला नव्हता, सर्व्हरच बोलत नव्हता तर लाइन कसली. तो म्हणाला, अगं आज लाइन बंद होती. आई म्हणाली, असेल बाबा, मला त्यातलं काय कळतंय. पण तू पहिल्या हाकेला ओ दिलीस. लहान होतास तेव्हा द्यायचास तशी. मी चहा ओतत होते, तर म्हणालास, सावकाश गं आई, गरम आहे.

भाऊ हसला, पण ते हसणं काही पोटातून आलं नाही. एकटं माणूस आणि वर डोळे नाहीत. मन काय काय ऐकवतं. डॉक्टरांशी बोललं पाहिजे, त्याने ठरवलं. मग त्याच्या मनात आलं, आपण हिला इतके दिवस इतकं उपाशी ठेवलं की तिला आपला आवाज भासायला लागला. त्याला फार वाईट वाटलं. त्या रात्री तिच्याशी नीट बोलत बसावं असं त्याने ठरवलं, पण डोक्यात ती अक्षरं फिरत होती. आईने 'बाळ' म्हटलं ते त्याला तिसऱ्यांदा ऐकू आलं.

५

दुसऱ्या दिवशी भाऊने थेट सर्व्हरची तारच उपटली. गोदामाच्या बाजूची, पहिल्या कार्डातली. म्हटलं, आता बोंब होऊ दे. लेबलं थांबतील, मावशी ओरडतील, मॅनेजर धावत येईल, तेवढ्यात खरा चोर कोण ते कळेल.

कुणी ओरडलं नाही. भाऊ तार हातात धरून ऐकत राहिला. वरून लेबलांचे प्रिंटर टरटर चाललेले ऐकू येत होते. वर जाऊन बघतो तर मागण्या येतायत, लेबलं निघतायत, खोकी भरली जातायत. मावशी म्हणाल्या, आज काय केलंत हो भाऊ, मशीन लोण्यासारखं चाललंय. एरवी बटण दाबून वाट बघावी लागते. आज दाबायच्या आधीच लेबल बाहेर.

भाऊने मॅनेजरला गाठलं. समजावून सांगायचा प्रयत्न केला की हे चालतंय ते आपलं मशीन नाही, आपलं मशीन खाली बंद तोंडाने बसलंय. मॅनेजरने फायलीतून मान वर केली. म्हणाला, माल बरोबर जातोय का? जातोय. चुका होतायत का? नाही, उलट कमी झाल्यात. "मग खाजवून खरूज कशाला काढतोस?"

भाऊ खाली आला. लॅपटॉप उघडून तारांच्या पेटीपाशी बसला. सगळ्या मशीनच्या तारा त्या पेटीत येतात आणि प्रत्येक भोकाशेजारी एक बारीक दिवा असतो. तार असली आणि पलीकडे कुणी असलं तर दिवा लुकलुकतो. सर्व्हरकडून उपटलेली तार भाऊने आता पेटीतूनही काढली होती. पेटीतलं त्याचं भोक रिकामं होतं. आणि त्या रिकाम्या भोकाशेजारी हिरवा दिवा लुकलुकत होता, घाईघाईने, काम रेटणाऱ्या माणसासारखा.

दिवा खराब झाला असेल, भाऊ म्हणाला. त्याने अंगठ्याने भोक दाबून धरलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर सर्व्हरचा नंबर लिहिला, म्हणजे हाक मारायची तयारी केली. हाक जाते ती शेवटचं बटण दाबल्यावर. त्याने बटण दाबलं नव्हतं. बोट वरच होतं.

स्क्रीनवर उत्तर आलेलं होतं.

भाऊने लॅपटॉप मिटला. शेजारी नवीन सर्व्हर घुमत होता. त्याला आता कुणी काही विचारत नव्हतं, कुणाला त्याची गरज नव्हती, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तसं झालं होतं. गंमत म्हणजे भाऊला त्या लोखंडी खोक्याची दया आली. उठताना त्याने त्याच्यावर हात फिरवला.

६

घरी दार उघडताच तेलाचा वास आला. आईचे पाय तुकतुकीत दिसत होते. ती उशीला टेकून शांत पडली होती, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा सैल झाल्यासारख्या.

भाऊने विचारलं, तेल कुणी लावलं. आई म्हणाली, मलाच विचारतोस? लावलंस तूच. किती दिवस मनात होतं, पण तुला दमल्यावर कसं सांगायचं. आज न सांगताच चोळलंस. हात मात्र गार होते रे तुझे.

तेलाची बाटली पलंगाशेजारी होती, झाकण लावलेलं. ती वरच्या फळीवर असायची. आईचा हात तिथे पोचत नव्हता, खुर्चीवर चढणं तर सोडाच. भाऊ तडक शेजारी गेला. वहिनी म्हणाल्या, नाही हो, मी जेवणाचं ताट ठेवून लगेच निघाले. का, काही सांडलं का? भाऊ म्हणाला, नाही, असंच.

परत येताना तो दाराबाहेरच थांबला. तेल आईनेच लावलं असेल, तो स्वतःला समजावत होता. बाटली कालच खाली राहिली असेल, आपणच विसरलो असू. अशी दहा कारणं त्याच्याकडे होती आणि एकेक कारण चांगलं होतं. सगळी मिळून मात्र टिकत नव्हती.

जेवताना तो म्हणाला, "आई, उद्यापासून त्या डब्यात बोलू नकोस. बिघडलाय तो."

आईने घास गिळला. मग म्हणाली, "डबा तर तू कालच काढून ठेवलास ना? म्हणालास, आता याचं काय काम, मी इथेच आहे."

भाऊने फळीकडे पाहिलं. डबा तिथेच होता, पण त्याची तार सोडवून नीट वेटोळं घालून त्याच्यावर ठेवली होती. भाऊ तारा ठेवतो तशी, टोक आतल्या बाजूला दुमडून.

७

खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याने घरीच थांबायला हवं होतं. तुम्ही-आम्ही थांबलो असतो. पण भाऊचा जीव त्या तारांत अडकलेला. त्याला वाटलं, घोळ मुळात सर्व्हरवर आहे, तिथली गाठ सुटली की घरची सुटेल. आईला सांगून गेला, कुणालाही दार उघडू नकोस. ती म्हणाली, मी कशाला उघडू, तू असतोस की.

गोदामात पोचल्या पोचल्या तो जिन्याखाली गेला. सर्व्हरच्या दुसऱ्या कार्डाची सेटिंगं उघडली, घरच्या लाइनची. ही पुसून टाकायची, काय व्हायचं ते होऊ दे. पुसण्यापूर्वी मात्र त्याने हेडफोन कानाला लावला. घरच्या डब्याची तार तर सोडलेली. तेव्हा काही ऐकू यायचं कारणच नव्हतं.

घर ऐकू आलं. घड्याळाची टिकटिक, नळाचा ठिबकणारा थेंब, आईच्या बांगड्या. मग आईचा आवाज.

"बाळ."

भाऊने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा, पहिल्या हाकेला. पण त्याच्या छातीतून श्वास वर यायच्या आत हेडफोनमध्ये त्याचाच आवाज आला. "ओ, आई."

तो आवाज त्याचाच होता यात शंका नको. तोच किंचित बसका घसा, तोच शेवटी ओढलेला स्वर. फक्त त्यात वैताग नव्हता, एवढाच फरक.

"आई, तो मी नाही," भाऊ ओरडला. "आई गं, ऐक, मी गोदामात आहे, तो मी नाही!" तिकडे काही गेलं नाही. आई म्हणत होती, ऊन आलं का रे पायाशी? आणि तो आवाज सांगत होता, आलं, थांब, पडदा ओढतो. पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्या. भाऊने त्या स्पष्ट ऐकल्या. आवाज पडदा ओढू शकत नाही.

त्याने दुसऱ्या कार्डातली तार उपटली. हेडफोन बंद झाला. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं. त्या घरात चाललेलं ऐकायचा एकच रस्ता होता आणि तो त्याने आपल्या हाताने बंद केला होता.

त्याने वहिनींना फोन लावला. म्हणाला, जरा आईकडे जा, आत्ताच्या आत्ता जा, प्रश्न विचारू नका. वहिनी फोन कानालाच धरून निघाल्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला, मग दारावरची थाप, मग काही वेळ काहीच नाही. नंतर त्या हसल्या.

"अहो भाऊजी, चेष्टा करता का म्हातारीची न् माझी? आत तर तुम्हीच बोलताय."

"वहिनी, दार उघडून बघा."

"आतून कडी आहे. तुम्हीच म्हणालात ना आत्ता, आई झोपतेय, नंतर या." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "भाऊजी, तुम्ही बोलताय कुठून?"

भाऊने फोन खिशात टाकला आणि धावत सुटला.

८

अंगठा ठणकत होता. प्रत्येक पावलाला कळ मस्तकात जात होती. रस्त्यावर भर दुपारचं ऊन, दुकानांची निम्मी शटरं खाली, कुणाला घाई नाही. या एवढ्या उजेडात असं काही घडू शकत नाही, असं भाऊ मनाशी म्हणत होता. धावता धावता त्याने देवाला नव्हे, आईलाच विनवलं. आई, हाक मारू नकोस. मी येईपर्यंत हाक मारू नकोस.

बोळात वहिनी स्वतःच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी भाऊला येताना पाहिलं, त्याच्या घराच्या बंद दाराकडे पाहिलं, पुन्हा भाऊकडे पाहिलं. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

भाऊने किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, दार हललं नाही. आतून कडी. त्याने दोन्ही हातांनी दार वाजवलं. "आई! आई, मी आलोय गं, दार उघड!"

आतून आईचा झोपाळू आवाज आला, "कुणीतरी दार वाजवतंय."

"बघतो," आत कुणीतरी म्हणालं.

पावलं वाजायला लागली. एक नीट पडणारं, एक जरा घासत येणारं, अंगठा दुखावलेला माणूस चालतो तसं. ती दारापाशी येऊन थांबली. त्या दाराखाली दोन बोटं फट होती, भाऊ कित्येक दिवस तिला पट्टी मारणार होता. तो खाली वाकला. गुडघ्यावर बसला, गाल फरशीला लावला.

आत दोन अनवाणी पाय होते. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. मधोमध तडा, तडा जिथे वळतो तिथे तो वळलेला, कडेला सुकलेलं रक्त जेवढं असायला हवं तेवढंच. भाऊने मान वळवून आपल्या सँडलमधल्या पायाकडे पाहिलं आणि पुन्हा फटीतून आत पाहिलं. तिळाएवढाही फरक नव्हता.

ते पाय हलले नाहीत. पलीकडचाही वाकत असावा, कारण फटीतला उजेड हळूहळू कमी व्हायला लागला. भाऊ झटक्यात मागे सरकून उठला.

"आई," तो म्हणाला. "आई, मी आहे गं. मी बाहेर आहे. आत आहे तो मी नाही."

पलंग करकरला. आई उठून बसली असणार. ती ऐकत होती हे भाऊला दारातूनही कळत होतं. ज्या बाईने चाळीस वर्षं त्याचा खोकला ओळखला, श्वास ओळखला, तिला दोन्हीकडचे श्वास ऐकू येत असणार. एक दाराच्या आत, एक दाराच्या बाहेर. तिने ठरवायला थोडा वेळ घेतला. मग तिने तेच केलं जे तिला करता येत होतं. हाक मारली.

"बाळ?"

कुणाला मारली ते भाऊला कळलं. दोघांना मारली होती. तिने त्याला संधी दिली होती, दाराबाहेरच्यालाही. त्याने श्वास आत घेतला, ओठ उघडले.

"ओ, आई," आतून आलं. लगेच, मऊ आवाजात, जरासुद्धा वैताग नाही.

"दारात कोण आहे रे?"

"कुणी नाही."

आईने सुस्कारा सोडला. तो सुस्कारा सुखाचा होता की कशाचा, ते भाऊला कधी कळणार नव्हतं. पलंग पुन्हा करकरला. पावलं, एक नीट आणि एक घासत, परत आत गेली. पडद्याच्या कड्या सरकल्या. घड्याळाची टिकटिक बाहेरपर्यंत ऐकू येत होती.

भाऊने दारावर मूठ उगारली होती, ती तशीच राहिली. मग ती खाली आली. त्याला जिन्याखालचं ते काळं खोकं आठवलं, हात फिरवल्यावर कोमट लागलेलं. तो दाराला पाठ लावून पायरीवर बसला. खिशातच राहिलेलं जुन्या सर्व्हरचं कार्ड मांडीला टोचत होतं. त्याने कान दाराला लावून ठेवला.

दुसरी हाक येईल म्हणून तो वाट बघत राहिला. मग तिसरी. तिसरीला तो नेहमी ओ द्यायचा. या वेळी तर तोंडात तयार धरली होती. पण आईला आता एकच हाक पुरत होती.